पॉट ऑड्स काढता येतात, पण ताडायचे कशाशी?

इस्पिकदुर्री

मंडळी, एका डावावरून आमच्या गटात जुंपली आहे. निवाडा करून हवाय.

नो-लिमिट होल्डेम पोकर, म्हणजे हातात दोन पत्ते, बोर्डवर सगळ्यांचे मिळून पाच, आणि कितीही लावायची मुभा. माझ्याकडे बदामचा राजा आणि बदामची नव्वी. फ्लॉपला, म्हणजे बोर्डवरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, आले बदामची सत्ती, बदामची दुर्री आणि इस्पिकची राणी. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ६०० चिप्स. समोर एकच जण उरलेला, त्याने ३०० लावले. दोघांकडेही मागे साधारण ४००० होते आणि पोझिशन माझी होती, म्हणजे प्रत्येक फेरीत मी त्याच्यानंतर बोलणार.

पॉट ऑड्स, म्हणजे जेवढे द्यायचे त्याच्या तुलनेत मिळायचे किती, ते सरळ आहेत. ३०० देऊन ९०० मिळवायचे, म्हणजे ३ ला १, म्हणजे २५%. पुढे मात्र दोन तट पडले. एक म्हणतो, फ्लश (इथे पाच बदाम) लागण्याची शक्यता ३५% आहे, तेव्हा डोळे झाकून कॉल, म्हणजे तेवढेच भरून पुढे जा. दुसरा म्हणतो, टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदाम येण्याची शक्यता फक्त १९%, तेव्हा पत्ते टाका. मी मोजून पाहिलं, दोन्ही आकडे बरोबर आहेत. मग २५ ची तुलना करायची कोणाशी?

झब्बू

यात वाद कसला? आणि २५ कुठून आणलेत? ३०० भागिले ९०० म्हणजे ३३%. तरी ३५ मोठेच. कॉल करा आणि झोपा.

हातचा_एक

झब्बू, ३०० भागिले ९०० नाही, ३०० भागिले १२००. ३ ला १ याचा अर्थ तीनदा हरलात आणि एकदा जिंकलात तर बरोबरी, म्हणजे चारातून एकदा. टक्केवारी काढताना खाली तुमचा कॉल धरून होणारा पूर्ण पॉट येतो, कारण जिंकलात तर तुमचे ३०० सुद्धा तुम्हालाच परत मिळतात. गुणोत्तर मांडताना ते धरायचे नाहीत, टक्के काढताना धरायचे. इथे दर दुसऱ्या माणसाची गल्लत होते.

एकदा हे बसलं की टेबलावर भागाकार करावा लागत नाही, काही आकडे पाठच करून टाकावेत. समोरच्याने पॉटच्या एक तृतीयांश लावले तर तुम्हाला २०% हवेत. अर्धा पॉट असेल तर २५, पाऊण पॉटला ३०, पूर्ण पॉटला ३३, दीड पॉटला ३७.५, दुप्पट पॉटला ४०. बेट (लावलेली रक्कम) पॉटच्या कितीही पट असो, हा आकडा ५० च्या वर कधीच जात नाही. तेव्हा खरोखर निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही पुढे असाल, तर पॉट ऑड्स काढत बसायची गरजच नाही.

आता मूळ प्रश्न. दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत. ३५% हा टर्न आणि रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता) दोन्ही पत्ते पाहिल्याचा आकडा आहे. ३०० मध्ये दोन्ही पत्ते दिसणार असतील तरच तो लावता येतो. म्हणजे समोरचा ३०० मध्ये ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून मोकळा) असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल. तसं असतं तर कॉल करून सरासरी सुमारे १२० चिप्सचा फायदा होता, प्रश्नच मिटला. पण इथे मागे ४००० आहेत. टर्नला बदाम आला नाही तर तो पुन्हा लावणार. म्हणजे ३०० मध्ये तुम्ही विकत घेताय फक्त एक पत्ता, आणि एका पत्त्याचा भाव १९%. ३५ ला २५ शी ताडणं म्हणजे एका तिकिटावर दोन खेळ पाहायला बसणं.

झब्बू

पण टर्नला नाही आला तर रिव्हरला येऊ शकतोच की. ते १९% हवेत गेले का?

हातचा_एक

हवेत नाही गेले, पण त्यांचे वेगळे पैसे पडतात. मांडून दाखवतो.

समजा तुम्ही ठरवलंय की काहीही झालं तरी रिव्हरपर्यंत जायचं. फ्लॉपला ३०० दिले, पॉट झाला १२००. टर्नला त्याने पुन्हा अर्धा पॉट लावला, ६००. तुम्ही तेही दिले. एकूण खर्च ९००. जिंकलात तर मिळणार मूळचे ६००, त्याचे ३०० आणि त्याचे ६००, एकूण १५००. म्हणजे ९०० भागिले २४००, ३७.५%. तुमच्याकडे आहेत ३५. थोडक्यात तोटा, सरासरी ६१ चिप्स.

आता दुसरा बेत. एकच पत्ता पाहायचा, नाही आला तर सोडून द्यायचं. ९ आउट्स (म्हणजे डाव जिंकून देणारे पत्ते), ३८ निरुपयोगी पत्ते. ३८ वेळा ३०० गेले, ९ वेळा ९०० आले. बरोबरी व्हायला त्या ९ वेळा ९०० ऐवजी सुमारे १२६७ यायला हवेत. म्हणजे फ्लश लागल्यावर त्याच्याकडून आणखी ३६७ निघायला हवेत. पहिल्या बेतात हाच आकडा सुमारे १७४ पडतो.

म्हणून ‘फोल्ड’वाल्या मित्राचाही निर्णय घाईचा आहे. २४०० च्या पॉटमध्ये रिव्हरला सरासरी १७४ जास्तीचे मिळणं काही फार मोठी अपेक्षा नाही.

रिव्हरकाठी

हातचा_एक यांचा हिशोब चोख आहे. पण मी टेबलावर बसून जे पाहतो ते सांगतो. फ्लश लागल्यावर पैसे मिळतात हे गृहीत धरू नका. बोर्डवर तिसरा बदाम पडला की टेबलावरच्या सगळ्यांना तो दिसतो. एरवी बेधडक लावणारा माणूसही चेक करून (काही न लावता) बसतो. मधला पत्ता येऊन स्ट्रेट (लागोपाठचे पाच पत्ते) लागला तर तो लपून राहतो, पैसे देणारा मिळतो. खिशातल्या जोडीला तिसरा पत्ता जुळून झालेला सेट तर त्याहून लपलेला. म्हणून फक्त आउट्स मोजून इम्प्लाइड ऑड्स, म्हणजे लागल्यावर पुढे मिळणारे पैसेही धरून केलेला हिशोब, काढता येत नाहीत.

दुसरं, तुमच्याकडे राजा आहे, एक्का नाही. बदामचा एक्का आणि आणखी एक बदाम घेऊन कोणी बसला असेल, तर ज्या पत्त्याची तुम्ही देवाकडे मागणी करताय तोच तुमचा स्टॅक (सगळ्या चिप्स) घेऊन जाईल. असं रोज होत नाही, पण होतं तेव्हा ३०० जात नाहीत, ४००० जातात. इम्प्लाइड ऑड्सच्या गप्पा सगळे मारतात, हे उलटे ऑड्स कोणी वहीत लिहीत नाही.

कोरी_पाटी

नवीन आहे, साधा प्रश्न. ३८ आणि ९ म्हणजे ४७ पत्ते. पण टेबलावर नऊ जण होते तर बाकी आठ जणांकडे १६ पत्ते गेले ना? त्यात बदाम असणारच. मग ४७ मधून ९ कसे?

झब्बू

+१. मलाही हे कधी पटलेलं नाही, फक्त विचारायची लाज वाटायची.

हातचा_एक

चांगला प्रश्न. ५२ मधून तुमचे २ आणि फ्लॉपचे ३ गेले, उरले ४७ न पाहिलेले. त्यातले काही दुसऱ्यांच्या हातात आहेत, काही गड्डीत. तुम्हाला दोन्हीतला फरक माहीत नाही. गड्डीच्या वरचा पत्ता बदाम असण्याची शक्यता त्या ४७ मधल्या कुठल्याही पत्त्याइतकीच.

खात्री हवी तर असं करा. समजा कुणी पत्ते टाकताना त्यातला एक चुकून सगळ्यांना दिसला. तो बदाम निघाला तर तुमचे आउट्स उरले ८, पत्ते ४६, शक्यता १७.४%. तो बदाम नसेल तर ९ आउट्स, ४६ पत्ते, १९.६%. पहिली गोष्ट ४७ पैकी ९ वेळा घडेल, दुसरी ३८ वेळा. दोन्हींची सरासरी काढा, बरोब्बर ९ भागिले ४७ येते, १९.१%. पत्ता दिसला तर आकडा बदलतो. नुसता कुणाच्या तरी हातात गेला म्हणून बदलत नाही.

आडवा_डाव

एक बारीक पुरवणी. ज्यांनी फ्लॉपच्या आधीच पत्ते टाकले, त्यांच्याकडे एक्के-राजे कमी असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे उरलेल्या गड्डीत मोठे पत्ते किंचित जास्त असतात. परिणाम इतका लहान की टेबलावर सोडून द्यावा. पण कोरी_पाटी यांची शंका अगदीच वेडगळ नाही, इतकंच.

कोरी_पाटी

समजलं. आता टेबलावर हे ३७.५ वगैरे कसं काढायचं? मला तर एवढ्यात घाम फुटतो.

रिव्हरकाठी

दोन-चारचा नियम. एक पत्ता यायचा असेल तर आउट्स गुणिले दोन, दोन पत्ते यायचे असतील आणि मध्ये पैसे द्यायचे नसतील तर आउट्स गुणिले चार. फ्लश ड्रॉचे (फ्लशला एक पत्ता कमी असताना) ९ आउट्स, १८ आणि ३६. खरे आकडे १९ आणि ३५. दोन्ही टोकांना खुल्या स्ट्रेटचे ८, म्हणजे १६ आणि ३२, खरे १७ आणि ३१.५. गटशॉटचे (स्ट्रेटला मधला एकच पत्ता हवा असताना) ४, म्हणजे ८ आणि १६, खरे ८.५ आणि १६.५. टेबलावर याहून अचूक काही लागत नाही.

हातचा_एक

आउट्स वाढले की चारने गुणणं फसतं. फ्लश आणि खुला स्ट्रेट एकत्र असेल तर १५ आउट्स. चौक पंधरा साठ, पण खरा आकडा ५४. तिथे गुणाकारातून आठाच्या वर जितके आउट्स असतील तितके वजा करा. १५ मध्ये आठाच्या वर ७, म्हणून ६० वजा ७, ५३. पुरेसं जवळ.

पण मला टोचतो तो गुणाकार नव्हे, आउट्स मोजणं. या डावातच बघा. ९ बदाम उरलेत, त्यात बदामची राणी आहे. ती आली तर तुमचा फ्लश लागतो, पण बोर्डवर राण्यांची जोडी होते. समोरच्याकडे सत्त्यांचा किंवा दुर्र्यांचा सेट असेल तर त्याचं फुल हाउस (तीन सारखे आणि दोन सारखे, फ्लशहून मोठं) झालं. तो आउट नाही, सापळा आहे. समोर सेट असेल तर फ्लॉपवरून तुमची इक्विटी (जिंकण्याची शक्यता) ३५ नाही, साधारण २५ उरते, कारण तुम्हाला फ्लश लागल्यावरही बोर्डवर जोडी पडून तो उलटू शकतो. उलट समोर नुसती राण्यांची जोडी असेल आणि त्याच्याकडे राजा नसेल, तर तुमचे ३ राजेही आउट होतात. १२ आउट्स, ४५%. एकाच पत्त्यांना २५ पासून ४५ पर्यंत काहीही भाव. समोर कोण काय घेऊन बसलाय हा अंदाज चुकला तर दशांशापर्यंत काढलेले पॉट ऑड्स काय कामाचे?

इस्पिकदुर्री

हे डोक्यात आलं नव्हतं, त्या राणीचं. पण मग वाद आणखी गुंतागुंतीचा झाला. समोरचा माणूस सावध खेळणारा आहे, फ्लॉपवर उगाच लावत नाही. बहुधा राणी-एक्का किंवा राजांची जोडी असेल, कधीतरी सेट.

हातचा_एक

राणी-एक्का असेल तर राजा आल्यावर तुम्ही पुढे जाता, फक्त पुढे त्याला एक्का किंवा राणी यायला नको. राजांची जोडी असेल तर राजा येऊन काहीच उपयोग नाही. तेव्हा तुमचे ९ ते १२ च्या मध्ये धरा. मी इथे कॉल करेन, विशेषतः पोझिशन तुमची असताना. टर्नला त्याने चेक केलं तर फुकटात रिव्हर पाहायला मिळतो. तुम्ही आधी बोलणार असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

झब्बू

सगळे कॉल की फोल्ड यावरच भांडताय. रेज, म्हणजे त्याच्याहून जास्त लावणं, का नाही?

रिव्हरकाठी

झब्बूने धाग्यात पहिल्यांदाच कामाचं काहीतरी विचारलं. :)

पॉट ऑड्स कॉलचा भाव सांगतात, रेजबद्दल काहीच बोलत नाहीत. मागे ४००० असताना रेज केला आणि त्याने पुन्हा वर रेज केला तर ड्रॉ टाकून द्यावा लागतो, ते मला आवडत नाही. पण दोघांकडे कमी चिप्स असत्या तर मी नक्की केला असता. हातचा_एक, आकडे टाका की.

हातचा_एक

समजा तुमच्याकडे एकूण ९०० च होते. ३०० च्या बेटवर तुम्ही ९०० चा ऑल-इन केला. त्याने पत्ते टाकले तर समोरचे ९०० तुमचे. त्याने कॉल केला तर पॉट २४००, त्यातले ३५% म्हणजे ८३९, आणि तुम्ही घातले ९००. म्हणजे कॉल झाला तरी तोटा फक्त ६१. मग तो शंभरातून सहा-सात वेळा जरी पत्ते टाकत असला तरी तुम्ही फायद्यात.

अर्थात कॉल करणाऱ्याचे पत्ते सरासरीपेक्षा चांगलेच असणार. अगदी वाईट धरा, तो फक्त सेट घेऊनच कॉल करतो आणि तुमची इक्विटी २५. तेव्हा कॉल झाल्यावर ३०० चा तोटा. तरीही चारातून एकदा त्याने पत्ते टाकले की बरोबरी. आणि जो फक्त सेटवर कॉल करतो तो चारातून एकदाच नाही, बऱ्याचदा पत्ते टाकतो. म्हणून कमी स्टॅक असताना ड्रॉ घेऊन नुसता कॉल करत राहणं हा मला तिन्हीतला सर्वांत कमकुवत पर्याय वाटतो.

आडवा_डाव

स्पर्धेत खेळत असाल तर मात्र हे सगळं जपून. तिथे चिप्सचा भाव सरळ रेषेत वाढत नाही. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला वाटा दुप्पट होत नाही, पण चिप्स संपल्या तर वाटा शून्य. बक्षिसांची रेषा जवळ आली असेल तर पॉट ऑड्स २५ म्हणत असले तरी प्रत्यक्षात तुम्हाला त्याहून बरेच जास्त लागतात. ज्या स्पर्धेत पहिल्या काही जणांना सारखंच बक्षीस, म्हणजे पुढच्या स्पर्धेचा प्रवेश, मिळतो, तिथे एक्क्यांची जोडी टाकून देणंही योग्य ठरू शकतं. पॉट ऑड्सवाल्याला हे सांगून बघा, अंगावर येतो.

आणि रोख डावात आयोजक पॉटमधून कट घेत असेल तर तोही धरा. १२०० च्या पॉटमधून ५% म्हणजे ६० गेले, उरले ११४०. मग २५ चे २६.३ होतात. लहान पॉटमध्ये काठावरचे कॉल इथेच मरतात.

कोरी_पाटी

अजून एक. रिव्हरला तर पुढे पत्ताच येणार नसतो. तिथे आउट्स शून्य. मग पॉट ऑड्सचं काय करायचं?

हातचा_एक

तिथेच ते सगळ्यात शुद्ध असतात. पुढचे पैसे नाहीत, पुढचे पत्ते नाहीत. पॉट १०००, त्याने ५०० लावले, तुम्हाला २५% हवेत. प्रश्न एवढाच की तुमचे पत्ते फक्त ब्लफला (कमकुवत पत्त्यांवर लावलेल्या बेटला) हरवत असतील, तर अशा चार बेटमध्ये तो एकदा तरी ब्लफ मारतो का? मारत असेल तर कॉल. न मारणारा माणूस असेल तर पॉट ऑड्स कितीही गोड दिसोत, टाकून द्या.

त्याच्या बाजूचा आकडा वेगळा असतो, हे मिसळू नका. ब्लफ मारणारा ५०० लावून १००० मिळवू पाहतोय, त्याला ५०० भागिले १५००, म्हणजे तीनातून एकदा तुम्ही पत्ते टाकायला हवेत. तुमचे २५, त्याचे ३३. झब्बूचे सुरुवातीचे ३३% खरं तर या खणातले. अर्ध्या पॉटच्या बेटवर तुम्ही एक तृतीयांशाहून जास्त वेळा पत्ते टाकत असाल, तर तो कुठल्याही दोन पत्त्यांवर ब्लफ मारून फायद्यात राहील.

झब्बू

म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं, प्रश्न वेगळा होता. नोंद घ्यावी.

इस्पिकदुर्री

घेतली. :) शेवटचं एक विचारतो, मग धागा त्या दोघांना पाठवतो. फ्लॉपच्या आधी हे चालतं का? ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) ५० आणि १००. मी मोठा ब्लाइंड, एकाने २०० केले, बाकी सगळ्यांनी टाकले. मला १०० द्यायचे, पॉटमध्ये ३५०. म्हणजे २२%. आमच्यात एक जण म्हणतो, एवढ्या भावात कुठलेही दोन पत्ते खेळावेत.

रिव्हरकाठी

२२% बरोबर आहे. आणि वेगवेगळ्या रंगाचे सत्ती-दुर्री सुद्धा कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध साधारण ३५% जिंकतात. ‘कुठलेही दोन खेळा’ हे तिथूनच येतं. पण ते ३५% पाचही पत्ते पडेपर्यंत एकही पैसा न लावता पाहिले तर. प्रत्यक्षात तुम्ही प्रत्येक फेरीत आधी बोलणार, फ्लॉपवर काही लागलं नाही की तो लावणार आणि तुम्ही टाकणार. कागदावरच्या इक्विटीतला मोठा हिस्सा तुमच्या हाती येतच नाही. शिवाय रेज करणाऱ्याकडे कुठलेही दोन पत्ते नसतात, निवडलेले असतात. एका रंगाचे आणि लागोपाठचे पत्ते आपली इक्विटी बऱ्यापैकी वसूल करतात. वेगळ्या रंगाची सत्ती-दुर्री नाही करत.

लहान जोड्यांचं वेगळं. फ्लॉपला सेट लागण्याची शक्यता ११.८%, म्हणजे साडेसातला एक. त्यामुळे नुसत्या ३.५ ला १ वर सेटचा हिशोब बसतच नाही, तो बसवायचा तर मागच्या स्टॅकमधून. समोरच्याकडे कॉलच्या पंधरा-वीस पट चिप्स असतील तर पाहा, असा जुना ठोकताळा आहे. साडेसात पटच का नाही? कारण सेट लागूनही दरवेळी त्याचा सगळा स्टॅक मिळत नाही.

आडवा_डाव

आणि तुमच्या मागे अजून कोणी बोलायचा शिल्लक असेल तर आणखी जपून. मोठ्या ब्लाइंडवर तुमच्या कॉलने फेरी संपते, तो भाव पक्का. मधल्या जागेवर बसून २०० चा कॉल केलात आणि मागच्याने १००० केले, तर २०० मध्ये फ्लॉप पाहायचा तुमचा हिशोब तिथेच संपला.

इस्पिकदुर्री

धन्यवाद मंडळी. दोघांनाही दुवा पाठवला. पहिला म्हणतोय “बघ, कॉलच निघाला ना”, दुसरा म्हणतोय “पण माझ्या कारणाने”.